माइकला सोल्डर, स्पीकरला थिंबल : साउंडच्या वायरींची पक्की जोडणी

गावातला साउंडवाला वायर तीन तऱ्हेनं जोडतो. सोल्डर म्हणजे शिसं-कथलाचा धातू वितळवून, थिंबल म्हणजे टोकावरची तांब्याची नळी दाबून, नाहीतर दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळून. तिसरी तऱ्हा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी चालते आणि काल्याच्या दिवशी खरखरते, म्हणून ती इथंच सोडून देऊ. उरलेल्या दोघींपैकी कुठं कोणती, हे कनेक्टर उघडला की कळतं. पिनेच्या मागं छोटी वाटी असेल तर सोल्डर. स्क्रू, पट्टी किंवा बोल्ट असेल तर थिंबल. एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा), पी-३८ (लांब गोल पिनेचा जॅक) आणि आरसीए (टीव्ही-प्लेअरचा छोटा गोल प्लग) पहिल्या घरातले. अॅम्प्लिफायरची मागची पट्टी, स्पीकॉन (स्पीकर बॉक्सचा फिरवून बसणारा प्लग) आणि बॅटरी दुसऱ्या घरातले.

यामागं कारण आहे. माइकच्या वायरीतून जाणारा सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टचा असतो, करंट नगण्य. तिथं जोड तापायची भीती नाही, भीती असते ती सैल स्पर्शाची. जरा हललं की खर्रर्र. सोल्डरनं तो स्पर्श कायमचा बांधला जातो. स्पीकरच्या वायरीचं उलट आहे. ८ ओमच्या बॉक्सला ४०० वॅट जातात तेव्हा वायरीतून सुमारे ७ अँपिअर वाहतात. जोडणी सैल होऊन तिथं नुसता अर्धा ओम रेझिस्टन्स तयार झाला, की त्या एका टोकाशी जवळपास २५ वॅट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचा असतो! बेसच्या ठोक्यासरशी तो जोड तापतो, थंड होतो, आणखी सैल होतो. नेहमीचं ६०/४० सोल्डर १८३ अंशांवर मऊ पडू लागतं. थिंबलमध्ये वितळण्यासारखं काहीच नसतं.

वायर आधी तपासा

जोडणी कितीही सुबक केली तरी वायरच खोटी असेल तर मेहनत वाया. बाजारात स्वस्तात ‘कॉपर’ म्हणून मिळणारी बरीचशी स्पीकर वायर आतून अॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडनं एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं की समजा. किंवा एकच बारीक तार लायटरच्या ज्योतीत धरा. तांबं लाल होऊन टिकतं, अॅल्युमिनियमची तार वितळून गळून पडते. अशा वायरीचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. कापलेल्या टोकाला सोल्डर धरत नाही, आणि थिंबलमध्ये दाबलेलं अॅल्युमिनियम काही दिवसांनी दबून सैल होतं. मंडपात सोडायला ती घेऊच नये.

जाडीचं गणितही लगे हात पाहून घ्या. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओम. स्टेजपासून बॉक्सपर्यंत ३० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, रेझिस्टन्स ०.८ ओम. ८ ओमच्या बॉक्सला हे चालून जातं, पण दोन बॉक्स समांतर लावून ४ ओम केले की फार होतं. तिथं २.५ चौरस मिलिमीटर घ्या.

सोल्डर : एक्सएलआर बसवताना

लागणारं सामान थोडकंच. ३५ ते ६० वॅटचा आयर्न, शक्यतो छिन्नीसारख्या चपट्या २-३ मिलिमीटर टोकाचा. ०.८ किंवा १ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर वायर, जिच्या पोटात राळेचं फ्लक्स असतं. टोक पुसायला ओला स्पंज. तापवली की आकसणारी स्लीव्ह, २ आणि ३ मिलिमीटरची. मल्टिमीटर. पत्र्याच्या कामाला वापरतात ती आम्लाची पेस्ट मात्र पेटीत ठेवूच नका. तिच्यानं सोल्डर चटकन धरतं खरं, पण उरलेलं आम्ल पावसाळ्याच्या ओलीत तांबं खातं आणि गणपतीपर्यंत जोडावर हिरवट गंज चढतो.

२५ वॅटचा आयर्न पुस्तकात पुरेसा आहे, आपल्याकडं नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर येतं, तेव्हा २३० व्होल्टवरचा २५ वॅटचा आयर्न जेमतेम १५ वॅट देतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. टोक गरम वाटतं, सोल्डर वितळतंही, पण पिनेची वाटी आणि शिल्डची जाळी तापत नाही. त्यातून जो जोड तयार होतो त्याला दुकानात ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. वरून चिकटलेला दिसतो, आतून सुटा असतो. तापमान ठरवता येणारं स्टेशन असेल तर ३४० ते ३५० अंशांवर ठेवा. आणि उन्हाळ्यात काम करताना कूलरचं तोंड दुसरीकडं वळवा. त्या झोतानं टोक आणि जोड दोन्ही गार पडतात.

आता काम.

१. कनेक्टरचं मागचं बूच आणि बॉडी आधी वायरीवर चढवा. सोल्डर झाल्यावर बूच टेबलावर पडलेलं दिसलं, की सगळं पुन्हा करावं लागतं. हे जुन्या हातांचंही होतं.

२. बाहेरचं आवरण २० मिलिमीटर सोला. ब्लेड गोल फिरवताना आतल्या जाळीला लागू देऊ नका. जाळी उकलून एका बाजूला पिळा आणि तिच्यावर ३ मिलिमीटरची स्लीव्ह चढवा. आतल्या दोन वायरी टोकाला ४ मिलिमीटर सोला. याहून जास्त उघडं ठेवलं तर शेजारच्या पिनेला भिडायला जागा मिळते.

३. ज्या कनेक्टरवर काम करायचं त्याची जोडी असलेला दुसरा कनेक्टर घ्या आणि दोन्ही एकमेकांत खोचा. पिना तापल्यावर आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं. जोडीदार खोचलेला असला की पिना वाकड्या होत नाहीत. एक जुना सॉकेट लाकडाच्या ठोकळ्यावर स्क्रूनं बसवून ठेवला की तिसऱ्या हाताचं काम होतं.

४. वाटी आधी सोल्डरनं अर्धी भरा. पूर्ण भरली तर वायर घालताना सोल्डर बाहेर सांडतं आणि पिनांमध्ये पूल बांधतं. वायरीच्या टोकालाही सोल्डरचा पातळ थर द्या.

५. आयर्नचं टोक वाटीला टेकवा, आतलं सोल्डर वितळलं की वायर आत सरकवा, टोक काढा आणि वायर स्थिर धरा. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. गोठायच्या आत हात हलला तर पृष्ठभाग दाणेदार, मळकट होतो. तो ड्राय सोल्डर. फुंकर मारून गार करायची सवय असेल तर सोडा.

६. शिल्ड, म्हणजे ती पिळलेली जाळी, १ नंबरला, प्लस २ ला, मायनस ३ ला. पिनांवर आकडे कोरलेले असतात. उन्हात दिसत नाहीत, मोबाइलची लाइट मारून वाचा. बूच आवळताना आतली पकड बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या बारीक वायरींवर नाही. ओढ सोल्डरवर येता कामा नये.

एक्सएलआरवरून पी-३८ करायचा तर स्टिरिओ पिनेत टोक म्हणजे २, मधली कडी म्हणजे ३, बुंधा म्हणजे १. मोनो पी-३८ ला मधली कडी नसते, तिथं ३ आणि १ एकत्र करून बुंध्याला. अशी केबल लावताना मिक्सरवरचं ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद ठेवा.

सोल्डरमध्ये शिसं असतं. हात साबणानं धुतल्याशिवाय खर्रा घोटू नये, बिडी पेटवू नये. धूर राळेचा असतो, तोही छातीत भरून घेण्यासारखा नाही. दार उघडं ठेवा.

सोल्डरची खरी कमजोरी जोडात नसते, जोडाच्या मागं असते. वितळलेलं सोल्डर तारांच्या फटीतून आवरणाखाली वर चढतं. जिथवर चढलं तिथवर वायर खिळ्यासारखी ताठ होते, पुढं लवचीक राहते, आणि नेमकी त्या सीमेवर वाकून-वाकून तुटते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. रोज वायर सोडायची, पहाटे गुंडाळायची, गाडीत टाकायची. तिथं वायरी कनेक्टरच्या तोंडाशी तुटतात त्या यामुळं. उपाय दोन : आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आणि बुचाची पकड नीट बसवा. वायर कोपर आणि खांद्यावर आवळून गुंडाळण्याऐवजी मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवली तर आयुष्य आणखी वाढतं.

थिंबल : दाब नीट बसला तरच

थिंबल म्हणजे तांब्याची नळी. ती प्लायरच्या योग्य डायनं, म्हणजे साच्याच्या खाचेनं, दाबली की तारा एकमेकींवर आणि नळीवर इतक्या घट्ट बसतात की मधे हवा राहत नाही, ओल शिरत नाही, गंज चढत नाही. पक्कडीनं चेपली किंवा हातोडीनं ठोकली तर नळी फक्त चपटी होते, तारांमध्ये फटी राहतात. वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो मे महिन्याच्या उन्हात.

रॅचेटची क्रिंपिंग प्लायर घ्या, जी पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटतच नाही. प्लॅस्टिक आवरणाच्या थिंबलचे रंग ठरलेले आहेत : लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरला, निळी १.५ ते २.५ ला, पिवळी ४ ते ६ ला. प्लायरच्या डायवर त्याच रंगाचे ठिपके असतात, त्याच खाचेत दाबायची. मोठ्या थिंबलमध्ये बारीक वायर दुमडून भरायची आणि दाबायची, ही सवय सगळीकडं आहे आणि सगळीकडं तीच थिंबल सुटते.

वायर नळीच्या लांबीपेक्षा १ मिलिमीटर जास्त सोला. एकही तार कापली जाऊ देऊ नका; चोवीसातल्या पाच कापल्या तर जाडी तेवढी घटली. तारा हलक्या सरळ करा, दोरीसारख्या पिळू नका. आत घाला, दुसऱ्या बाजूनं टोक जरासं डोकावलं पाहिजे. दाबा. चांगल्या प्लायरमध्ये दोन दाब एकदम बसतात, एक तारांवर आणि एक आवरणावर. हा दुसरा दाब ओढ आणि थरथर झेलतो. मग हातानं जोरात ओढून पाहा. शंका असेल तर नमुन्याला एक थिंबल दाबून तिला पाच किलोची पिशवी लटकवा. १.५ चौरस मिलिमीटरची नीट दाबलेली थिंबल हे वजन सहज पेलते; सुटली तर डाय चुकीची आहे किंवा प्लायर झिजली आहे.

अॅम्प्लिफायरच्या स्क्रूच्या पट्टीला दोन पायांची फोर्क किंवा गोल रिंग वापरा. जिथं वाहतुकीत हादरे बसतात तिथं रिंगच बरी. स्क्रू सैल झाला तरी ती निसटून शेजारच्या टोकाला भिडत नाही. बॉक्सच्या आत ड्रायव्हरच्या, म्हणजे खुद्द स्पीकरच्या, पात्यांना खोचायची थिंबल असते. ती सैल वाटली तर तोंड पक्कडीनं चेपू नका, नवीन लावा. पात्याला थेट सोल्डर मारायचा मोह आवरा : आयर्न जास्त वेळ टेकला तर कॉइलकडं जाणारी बारीक तार सुटते आणि स्पीकर रिपेअरला जातो.

स्पीकॉनमध्ये स्क्रू असतात. तिथं वायर उघडीच घाला, किंवा इलेक्ट्रिक पॅनेलवाले वापरतात ती छोटी नळी, फेरूल, चढवून दाबा. एकाच बॉक्सला १+ आणि १−. डिजिटल मिक्सरच्या नेटवर्क केबलला तर सोल्डरचा प्रश्नच नाही. प्लग आणि त्याचीच प्लायर.

सोल्डर लावून स्क्रूखाली, हे कधीच नको

तारा सुटू नयेत म्हणून टोकाला सोल्डर चोपडायचं आणि मग ते स्क्रूखाली दाबायचं, हा प्रकार नेटका दिसतो आणि हाच जास्त घात करतो. सोल्डर मऊ धातू आहे. सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, आणि आज घट्ट वाटलेला स्क्रू महिन्याभरात सैल निघतो. उष्णतेत हे आणखी वेगानं होतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेल्या काळ्या बॉक्सच्या आतलं काय ते विचारूच नका. त्याच कारणानं सोल्डर लावलेली वायर थिंबलमध्येही दाबू नये. आणि नीट दाबलेल्या थिंबलवर ‘अजून पक्की व्हावी’ म्हणून वरून सोल्डर ओतलं, तर उलट मागची वायर ताठ करून ठेवाल. दोहोंपैकी एकच करायचं.

काळ्या टेपचं तेच. उन्हात तिचा डिंक पातळ होऊन वाहतो, टेप सरकते, चिकट जोडावर धूळ बसते. आकसणारी स्लीव्ह घ्या. उघड्यावरच्या जोडाला आतून डिंक असलेली, जी तापवल्यावर दोन्ही टोकांना सील होते.

देवळाच्या खांबावरचे भोंगे बहुधा १०० व्होल्टच्या लाइनवर असतात. तिथं १०० वॅटला फक्त १ अँपिअर जातो, त्यामुळं जोड तापायची चिंता कमी, पण उघड्या टोकाला हात लागला तर चांगलाच झटका बसतो. काम करताना अॅम्प्लिफायर बंद. जोडाच्या आधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळतं, जोडात उतरत नाही.

मधूनच तुटलेली वायर

शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) बैलजोडी वायरीवरून गेली, उंदरानं कुरतडली, मंडपवाल्यानं खुंटी ठोकली. माइकची वायर असेल तर शक्यतो मधे जोड देऊच नका. तुटल्या जागी कापून दोन्ही टोकांना एक्सएलआर बसवा : एका वीस मीटरच्या केबलच्या दोन दहा मीटरच्या झाल्या, त्या कधीही एकमेकींत खोचता येतात. कनेक्टर जवळ नसेल तरच जोड. तेव्हा आतल्या दोन वायरी एकाच जागी न जोडता १५ ते २० मिलिमीटर पुढं-मागं जोडा, म्हणजे स्लीव्ह फाटली तरी त्या भिडणार नाहीत. प्रत्येकीवर वेगळी स्लीव्ह, मग जाळी जोडून तिच्यावर, आणि सगळ्यांवर एक मोठी. जाळी सोडून दिली तर घुंऽऽ येणार हे ठरलेलं.

स्पीकरच्या वायरीला दोन्ही बाजूंनी दाबायची बट थिंबल लावा, इथंही दोन जोड पुढं-मागं. लाइट गेलेली असताना हे टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत होतं. क्रिंपिंग प्लायरला वीज लागत नाही, हा तिचा गावातला मोठा गुण. हा जोड लोकांच्या पायाखाली येणार नाही अशा जागी वर बांधून टाका.

तपासणी

मल्टिमीटर बझरवर ठेवा. १ ते १, २ ते २, ३ ते ३ वाजलं पाहिजे. इतर कुठंही वाजता कामा नये. बझर वाजत असताना कनेक्टरच्या तोंडाशी वायर चारही दिशांनी वाकवा. आवाज तुटला तर जोड वाईट, मग तो कितीही चकचकीत दिसो. कार्यक्रमात दोष कानानंही ओळखता येतो. जाळी सुटली तर गुणगुण येते, आणि फँटमवरचा कंडेन्सर माइक पूर्ण बंद पडतो. २ किंवा ३ सुटला तर आवाज पातळ, दबलेला. २ आणि ३ एकमेकांना भिडले तर माइक गप्प. २-३ उलटे लागले तर एकटा माइक ठीक वाटतो, पण भजनात शेजारी दुसरा माइक उघडला की आवाजातला भरीवपणा नाहीसा होतो.

स्पीकरचा प्लस-मायनस १.५ व्होल्टच्या सेलनं पाहा. सेलचा प्लस वायरीच्या प्लसला क्षणभर टेकवला की स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर यायला हवा. आत गेला तर कुठंतरी उलटं झालंय. दोन बॉक्समधला एक उलटा असेल तर बेस गायब होतो, आणि माणूस उगाच मिक्सरवर बेस वाढवत बसतो.

बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर

दिंडीत, वरातीत किंवा प्रचाराच्या ऑटोवर १२ व्होल्टचा अॅम्प्लिफायर चालतो, आणि तिथली जोडणी सगळ्यांत नाजूक असते. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त : २०० वॅटच्या मशीनला जोरात वाजताना २० अँपिअर सहज लागतात. जोडात ०.०५ ओम जरी राहिला तरी १ व्होल्ट तिथंच जातो आणि २० वॅट उष्णता निघते. आवाज फाटतो, मशीन मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि दोष बॅटरीला दिला जातो. तीन-चार मीटरच्या आत अंतर ठेवा, ६ चौरस मिलिमीटरची, जमल्यास १० ची तांब्याची वायर घ्या आणि टोकांना तांब्याची रिंग थिंबल दाबून बोल्टखाली आवळा. एवढी जाड थिंबल छोट्या प्लायरनं दाबली जात नाही. बॅटरीच्या किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून मोठ्या प्लायरनं दाबून आणा. मगरीच्या तोंडाचे चिमटे चार्जिंगपुरते ठीक. बोल्ट आवळण्याआधी टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्यानं धुवून, कोरडं करून घासा, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. प्लसच्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर करंट बॅटरीतूनच येतो, अॅम्प्लिफायरच्या आतला फ्यूज तिथं काही वाचवत नाही.